कागदाचे राज्य

चळवळीच्या बैठकीत चित्रपटाचा विषय निघाला तर तो बहुधा चहाच्या वेळी निघतो; आणि व्हिडिओ गेमचा विषय निघालाच, तर तो आपल्या मुलांविषयीच्या तक्रारीच्या स्वरूपात. मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलमध्ये डोके घालून बसतो, चार ओळी वाचीत नाही, सभेला येत नाही, अशी ती तक्रार असते. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्या दोन माध्यमांतून आजची तरुण पिढी जगाविषयीच्या आपल्या बऱ्याचशा कल्पना बनवीत आहे, त्यांच्याकडे केवळ चैन किंवा व्यसन म्हणून पाहणे समाजपरिवर्तनाची भाषा बोलणाऱ्यांना परवडणारे नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी तमाशाला कमी लेखले असते, तर महाराष्ट्राच्या कामगार चळवळीला लोकनाट्य लाभले नसते. जनता जेथे रमते तेथे जाऊन, तेथे काय सांगितले जात आहे हे पाहणे, ही त्या पिढीची शिकवण होती. ती आज कालबाह्य झालेली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. व्हिडिओ गेम म्हणताच अनेकांच्या मनात पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन पत्ते येतात. तो जुगाराचा धंदा होय. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या अशा खेळांवर बंदी घातली. त्या बंदीची अंमलबजावणी कशी होते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे विचार करावयाचा आहे तो कथा सांगणाऱ्या, माणसाला एखाद्या परिस्थितीत उभे करून निर्णय घ्यावयास लावणाऱ्या खेळांचा. कादंबरी आणि नाटक यांच्या शेजारी बसण्याइतकी योग्यता त्यांतील काहींनी मिळविली आहे.

गेल्या काही वर्षांतील दोन भारतीय चित्रपट आणि दोन परदेशी खेळ एकत्र ठेवून पाहिले, तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांचे देश वेगळे, कर्ते वेगळे. पण चौघांच्याही केंद्रस्थानी तोच प्रश्न आहे. माणसाचे घर, त्याची मजुरी, त्याची वाट आणि कधीकधी त्याचा मृत्यूदेखील एखाद्या कागदावर अवलंबून असतो. तो कागद कोणाजवळ असतो, कोणाजवळ नसतो आणि तो तपासण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हा तो प्रश्न.

चाळ, खोली आणि पुरावा

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाने मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हा तेथील दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळविला. तीस वर्षांनंतर एखादा भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत उतरला होता. त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. कपाडिया या पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या विद्यार्थिनी असून २०१५ मधील विद्यार्थ्यांच्या १३९ दिवसांच्या संपात त्या सहभागी होत्या, हेही या संदर्भात नमूद करावयास हवे.

मुंबईतील एका रुग्णालयात काम करणाऱ्या तीन स्त्रियांची ही कथा. प्रभा आणि अनु या केरळातून आलेल्या परिचारिका. प्रभाचा नवरा लग्नानंतर लवकरच जर्मनीला गेला. त्याचा फोनही आता येत नाही, येतो तो केवळ भात शिजविण्याचा एक विजेचा कुकर, पाठविणाऱ्याच्या नावाशिवाय. अनुचे एका मुसलमान तरुणावर प्रेम आहे आणि एवढ्या अफाट शहरात दोघांना भेटावयास चार भिंतींची जागा नाही. तिसरी पार्वती, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबणारी रत्नागिरीकडची विधवा. ही भूमिका छाया कदम यांनी ज्या सहजतेने केली आहे, ती पाहताना अभिनय चालला आहे हेच विसरावयास होते.

पार्वती वर्षानुवर्षे ज्या खोलीत राहिली ती जागा आता बिल्डरला हवी आहे. खोली तिची आहे हे शेजारी जाणतात, भिंती जाणतात. पण कागद जाणत नाही. व्यवहार सारा नवऱ्याने पाहिला, तो वारला आणि त्याने कागद कोठे ठेवले, मुळात ते होते का, हेही तिला ठाऊक नाही. वकिलाकडे जाऊनही उपयोग होत नाही. या शहरात माणूस राहत होता याला पुरावा नसेल तर तो राहतच नव्हता, हे सत्य ती कोणताही आक्रोश न करता स्वीकारते, हे या चित्रपटाचे सामर्थ्य होय. खलनायक येथे जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो एका आलिशान इमारतीच्या जाहिरातीचा फलक आणि रात्रीच्या अंधारात त्यावर दगड भिरकावणाऱ्या दोन मध्यमवयीन बायका.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सांगावयाची, पण बहुधा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, मालमत्ता ही वस्तू नसते. तो एक दावा असतो, आणि दावा टिकविण्यास खर्च येतो. ज्याच्याकडे वकील, वेळ आणि ओळख आहे त्याला तो खर्च नगण्य. ज्याच्याकडे रोजची पाळी आहे त्याला तो पेलत नाही. गिरणगावाचा इतिहास याची साक्ष देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि मुंबईच्या मध्यभागी असलेल्या सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची तीन वाटण्यांत विभागणी सुचविली होती: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती हिशेबातून वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. नियमातील एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. पार्वतीची खोली त्या मोठ्या हिशेबातील एक लहानशी ओळ आहे.

चित्रपटावर एक आक्षेप मात्र घ्यावयास हवा. उत्तरार्धात तिघी पार्वतीच्या गावी, समुद्रकाठी जातात आणि चित्रपटाचा श्वास मोकळा होतो. दृश्ये देखणी आहेत. परंतु कोकणचा हा किनारा ज्यांनी सोडला त्यांनी तो हौसेने सोडला नव्हता. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातील कित्येक घरांची चूल पेटत असे. गावी परतल्यावर पार्वतीचा चरितार्थ कसा चालणार, या प्रश्नापाशी चित्रपट फारसा थांबत नाही. शहराने नाकारलेल्या माणसाला गाव सामावून घेते, ही कल्पना सुखद असली तरी पुरती खरी नाही.

अर्ज आणि घराची वाट

ती किती अपुरी आहे हे नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ दाखवितो. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट भारताने त्या वर्षी ऑस्करसाठी अधिकृतपणे पाठविला. पत्रकार बशारत पीर यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या एका सत्यकथेवर तो आधारलेला आहे. उत्तरेकडील एका खेड्यातील दोन मित्र, चंदन दलित आणि शोएब मुसलमान. दोघांनाही पोलीस शिपाई व्हावयाचे आहे, कारण अंगावर वर्दी आली की जात आणि धर्म विचारण्याची कोणाची छाती होणार नाही असे त्यांना वाटते.

या चित्रपटातील सर्वांत बोचरी गोष्ट एका अर्जाची आहे. चंदन राखीव जागेवर आपला हक्क असूनही खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतो. ज्या रकान्याने त्याला हक्क मिळावयाचा, त्याच रकान्याने त्याची ओळख उघडी पडावयाची, आणि ओळख उघडी पडली की पुढे काय होते हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. राज्यघटनेने दिलेला अधिकार वापरण्यास माणूस भितो, याहून आपल्या लोकशाहीवरचा मोठा अभिप्राय कोणता असू शकेल? आरक्षण हे फुकटचे वाण आहे असे उठता-बसता म्हणणाऱ्या मध्यमवर्गाने हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा.

नोकरीचा निकाल रखडतो, घर थांबत नाही. दोघे सुरतेच्या कापडगिरणीत कामाला लागतात. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर होते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. निदान ठाऊक असावयास हवे. चित्रपट त्या लाखोंच्या लोंढ्यातून दोन माणसे उचलतो, आणि रस्त्याच्या कडेला आजारी मित्राचे डोके मांडीवर घेऊन बसलेला शोएब आपल्यासमोर ठेवतो.

येथे चित्रपटाबाहेरची एक नोंद चित्रपटाइतकीच महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की, एक कोटी चार लाखांहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले. त्यांपैकी किती वाटेत मरण पावले, या प्रश्नाला उत्तर मिळाले की अशी माहिती ठेवलेली नाही. आणि माहितीच नसल्यामुळे भरपाईचा प्रश्नही उद्‌भवत नाही. पार्वतीला कागद नाही म्हणून घर नव्हते. या मजुरांची नोंद नाही म्हणून त्यांचे मरणही नव्हते. नोंद ठेवावयाची की नाही हा निर्णय ज्याच्या हाती, हिशेब त्याच्याच सोयीचा निघणार.

‘होमबाउंड’ अधूनमधून प्रेक्षकावर पुरेसा विश्वास टाकीत नाही. जे चेहऱ्यावरून कळलेले असते ते संवादातून पुन्हा सांगितले जाते आणि पार्श्वसंगीत अश्रूंची आठवण करून देते. पण हे दोष प्रामाणिक कृतीतले आहेत. कोट्यवधींचा खर्च करून द्वेष पसरविणारे चित्रपट ज्या काळात करमुक्त होतात, त्या काळात असा चित्रपट पडद्यावर येणे हीच मोठी गोष्ट आहे.

नियम हाच युक्तिवाद

चित्रपट आपल्याला खिडकीच्या अलीकडे, म्हणजे कागद घेऊन उभे राहिलेल्यांच्या रांगेत नेतो. खिडकीच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या खुर्चीत बसविण्याचे काम खेळ अधिक चांगल्या रीतीने करू शकतो. याचे कारण खेळाच्या स्वभावात आहे. चित्रपट घटना दाखवितो, खेळ नियम घालून देतो. आणि नियम पाळता पाळता खेळणारा त्यांमागील अर्थव्यवस्था स्वतः चालवू लागतो.

ही गोष्ट संगणकाहून जुनी आहे. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत उन्हाळ्याच्या सुटीत मुले ‘व्यापार’ खेळत आली. शहरे विकत घ्यावयाची, भाडे वसूल करावयाचे, शेवटी एकाने सर्वांना दिवाळखोर करावयाचे. त्या खेळाचा पूर्वज ‘मोनॉपली’, आणि त्याचाही पूर्वज लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी तयार केलेला, १९०४ मध्ये पेटंट मिळालेला ‘जमीनदाराचा खेळ’. मॅगी या हेन्री जॉर्ज यांच्या अनुयायी. जमिनीच्या मक्तेदारीने एक गबर होतो आणि बाकीचे कंगाल होतात, हे लोकांना खेळता खेळता उमगावे हा त्यांचा हेतू होता. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच ठेवले: एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात निर्माण झालेल्या संपत्तीचा लाभ सर्वांना मिळतो. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने ५०० डॉलर देऊन त्यांचे पेटंट घेतले आणि जगभर गेला तो पहिला संच. मक्तेदारीविरुद्ध रचलेला खेळ मक्तेदारीचे बाळकडू बनला. ज्याच्या हाती नियम, त्याच्या हाती बोध.

ल्यूकस पोप या अमेरिकन रचनाकाराने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ मॅगीबाईंच्या मूळ हेतूचा खरा वारस म्हणावा लागेल. आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश. वर्ष १९८२. लॉटरीत नाव निघाल्यामुळे नायकाला सरहद्दीवरच्या तपासणी नाक्यावर नोकरी लागते. खेळ म्हणावयाचा तो एवढाच: खिडकीपुढे येणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट पाहावयाचा, तारखा, छायाचित्र, शिक्का ताडून पाहावयाचा आणि प्रवेश द्यावयाचा किंवा नाकारावयाचा. बंदुका रोखून धावण्याचा थरार येथे नाही. आहे ते कारकुनी काम. दररोज नवी परिपत्रके येतात, नवे परवाने लागू होतात, नियमांचे पुस्तक जाड होत जाते.

वेतन डोईगणिक आहे. जितकी माणसे तपासली तितके पैसे. पहिल्या दोन चुकांना ताकीद, नंतरच्या प्रत्येक चुकीला दंड. दिवस संपला की घरखर्चाचा हिशेब समोर येतो: भाडे, अन्न, घर ऊबदार ठेवण्याचा खर्च, आजारी पडलेल्या नातलगाचे औषध. कमाई सर्वांना पुरत नाही. आज अन्न की आज ऊब, हे खेळणाऱ्यास ठरवावे लागते. आणि मग एके दिवशी खिडकीपुढे एक नवरा येतो, त्याचे कागद ठीक. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. ती गयावया करते. तिला सोडले तर चूक नोंदली जाते. नाकारले तर नियम पाळल्याचे समाधान लाभते. पुढे पहाऱ्यावरचा एक शिपाई सुचवितो की अधिक लोकांना अटकेत पाठविलेस तर त्याला मिळणाऱ्या बक्षिसातील वाटा तुलाही देईन.

या खेळाची शिकवण भेदक आहे. क्रौर्यासाठी माणूस क्रूर असावा लागत नाही. कामगणिक वेतन, घड्याळ आणि घरचे भाडे एवढे पुरते. खेळ सुरू करताना दयाळू राहण्याचा निश्चय केलेला खेळाडूही काही वेळाने समोरच्या चेहऱ्याकडे न पाहता फक्त तारखेकडे पाहू लागतो, आणि हे आपल्या हातून कधी घडले हे त्याला कळत नाही. शिधापत्रिकेच्या, निवृत्तिवेतनाच्या, जातीच्या दाखल्याच्या खिडकीशी दिवसभर तिष्ठलेल्या माणसाला खिडकीमागचा कारकून हा शत्रू वाटतो. तो शत्रू नाही असे हा खेळ म्हणत नाही. तो कशाने शत्रू झाला हे दाखवितो. एखाद्या लेखाने जे समजते ते येथे बोटांना समजते.

आता तर खिडकी आणि कारकून दोन्ही नाहीसे होऊन त्यांची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. नंदिता दास यांच्या ‘झ्विगॅटो’ या चित्रपटात (२०२३ मध्ये प्रदर्शित) भुवनेश्वरमधील एक नोकरी गेलेला गृहस्थ घरोघर जेवण पोचविण्याचे काम करतो. त्याची मजुरी ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवर अवलंबून असते. हा नव्या काळाचा कागद: तो मजुराच्या नावाचा असतो, पण त्याच्या ताब्यात नसतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशात २०२०-२१ साली अशा कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी ३५ लाख होईल असा अंदाज आहे. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कायद्याने त्यांना नाव दिले, ही पहिली पायरी. परंतु ज्या गणितावर त्यांची मजुरी ठरते ते गणित त्यांना पाहता येत नाही, तोवर ते आर्स्टोट्झ्काच्या रांगेतच उभे आहेत.

फाटकावरचा संप

चौथी कृती म्हणजे ‘डिस्को इलिझियम’ हा २०१९ चा खेळ. एस्टोनियातील रॉबर्ट कुर्विट्झ आणि त्यांचे सहकारी त्याचे कर्ते. यात लढाई जवळजवळ नाही, वाचन भरपूर आहे. एखादी जाडजूड कादंबरी वाचावी तसा तो खेळावा लागतो. रेव्हाशोल या काल्पनिक शहरात एकेकाळी क्रांती झाली, ती परकीय सैन्याने चिरडली, आणि गोळ्यांच्या खुणा अंगावर वागवीत शहर परक्यांच्या देखरेखीखाली जगत आहे. दारूने स्मृती गमावलेला एक पोलीस तपासनीस एका खुनाचा छडा लावण्यास बंदराच्या वस्तीत येतो. त्याला स्वतःचे नावही आठवत नाही, आणि खोलीचे भाडे मात्र द्यावयाचे आहे.

बंदरात गोदी कामगारांचा संप चालू आहे. फाटकावर कामासाठी ताटकळणारे संपफोडे, हॉटेलात उतरलेली कंपनीची सुसंस्कृत, गोड बोलणारी प्रतिनिधी, कंपनीच्या बाजूने आलेले भाडोत्री सैनिक, आणि मालपेटीतल्या आपल्या कचेरीत बसलेला युनियनचा पुढारी, एव्रार क्लेर. हा पुढारी लठ्ठ, लाघवी आणि बेरकी आहे. तो उपकार करतो आणि त्यांची वसुलीही करतो; युनियन ही त्याची जहागीर झाली आहे. आणि तरीही वस्तीतील माणसांच्या बाजूने उभी असलेली दुसरी कोणतीही शक्ती नाही.

हे चित्र पाहून काही साथींना राग येईल. युनियनची बदनामी हा मालकांचा जुना धंदा आहे, असेही ते म्हणतील. पण या खेळाच्या कर्त्यांनी २०१९ च्या पुरस्कार समारंभात व्यासपीठावरून मार्क्स आणि एंगल्स यांचे आभार मानले होते. त्यांच्यावर मालकधार्जिणेपणाचा आरोप करता येणार नाही. हे घरातल्या माणसाने घराविषयी बोललेले आहे, आणि म्हणून ते ऐकावयास हवे. या खेळाइतक्या ममतेने पराभूत क्रांतीविषयी फार थोड्यांनी लिहिले आहे, आणि तिच्या वारसदारांना इतके निर्दयपणे आरसाही फार थोड्यांनी दाखविला आहे.

पुढे जे घडले ते या खेळालाच शोभणारे होते. २०२१ च्या अखेरीस कुर्विट्झ आणि त्यांचे काही प्रमुख सहकारी कंपनीबाहेर पडले, आणि ते स्वेच्छेने नव्हे हे २०२२ मध्ये जाहीर झाले. आपली मालकी हिरावली गेली असा निर्मात्यांचा आरोप, तर कंपनीचा त्यांच्या वर्तनावर ठपका. वाद न्यायालयापर्यंत गेला. त्यातील खरेखोटे ठरविण्याची ही जागा नव्हे. परंतु एवढे खरे की, ज्या जगाची रचना त्यांनी केली त्या जगाचा हक्क कंपनीच्या कागदावर राहिला आणि कर्ते फाटकाबाहेर राहिले. भांडवलशाही आपल्यावरची टीकादेखील विकत घेते आणि नफ्याने विकते. मॅगीबाईंचे ५०० डॉलर येथे पुन्हा आठवतात.

संघटना कोठे आहे?

या चार कृती शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील एक पोकळी उघड होते. पार्वती दगड मारते, पण फलक जागेवरच राहतो. चंदन आणि शोएब यांची मैत्री जिवाला चटका लावते, पण त्यांच्या गिरणीत टाळेबंदीच्या दिवशी मजुरांची बाजू घेऊन उभी राहणारी संघटना कथेत नाही. आर्स्टोट्झ्काच्या कारकुनापुढे मार्ग असतात ते लाच, पलायन किंवा एका गुप्त मंडळाचे साहाय्य. शेजारच्या खिडकीतील कारकुनाशी बोलण्याचा मार्ग खेळात ठेवलेलाच नाही. आणि जेथे संघटना आहे तेथे ती एव्रार क्लेरची आहे.

ही पोकळी कलावंतांनी निर्माण केलेली नाही. कलावंताने जे पाहिले ते दाखविले. रुग्णालयातील कंत्राटी स्वयंपाकीण, परप्रांतातून आलेली परिचारिका, सुरतेचा रोजंदार, जेवण पोचविणारा तरुण, हे आजच्या श्रमिक वर्गाचे प्रातिनिधिक चेहरे आहेत, आणि संघटित कामगार चळवळ त्यांच्यापर्यंत पोचली नाही, किंवा फार उशिरा पोचली, हे मान्य करावयास हवे. कायम नोकरदारांच्या महागाई भत्त्यासाठी मोर्चे निघाले. फाटकाबाहेरच्या कंत्राटी कामगाराला त्या मोर्चात जागा मिळाली नाही. कलेत आपली अनुपस्थिती दिसली म्हणून कलेवर रागावणे म्हणजे आरशावर रागावणे होय.

उलट, याच उद्योगांतील श्रमिकांनी दाखविलेली वाट आशादायक आहे. हॉलिवूडमधील पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर मर्यादा घालून घेतल्या. व्हिडिओ गेमना आवाज आणि हालचाली देणाऱ्या अमेरिकन कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये त्याच प्रश्नावर संप पुकारला, तो जवळपास वर्षभर लढविला आणि २०२५ मध्ये नवा करार मिळविला. स्वप्नांचे कारखाने चालविणारी माणसेही कामगारच असतात, हे त्यांनी मालकांना आणि स्वतःलाही पटवून दिले. मुंबईच्या चित्रनगरीत आणि पुण्या-बंगळूरच्या संगणक कचेऱ्यांत रात्रंदिवस राबणाऱ्या तरुणांपर्यंत ही बातमी पोचविणे हे कोणाचे काम आहे?

तेव्हा अभ्यासवर्गात पुस्तकाच्या जोडीला चित्रपट ठेवावा, आणि संकोच न करता खेळही ठेवावा. ‘होमबाउंड’ पाहून झाल्यावर अश्रू पुसून घरी जाऊ नये. आपल्या तालुक्यातून २०२० मध्ये किती मजूर परतले आणि आज त्यांतील किती जणांची कोठे नोंद आहे, याची विचारपूस करण्यास निघावे. पार्वतीची कथा पाहिल्यावर वस्तीतील किती विधवांच्या खोलीचे कागद त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत, हे घरोघर जाऊन पाहावे. आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या मुलाला ओरडण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून विचारावे की, तुझ्या या खेळाचे नियम कोणी केले, त्यात जिंकतो कोण, आणि हे नियम बदलता येतील का? हाच प्रश्न खेळाबाहेरच्या जगाविषयीही विचारावयाचा असतो, हे त्याला आपोआप उमगेल. आणि मग कदाचित तो सभेलाही येईल.